प्रत्येकी तीन ठिपके

१४ नोव्हेंबर २०११
चार नंबर

जोलीन,

सकाळपासून तुला फोन लावतेय. बराच वेळ यंत्र बोललं, मग एकदा तुझा स्कॉट बोलला. दोघांत फारसा फरक नव्हता. स्कॉट म्हणाला, "आर्लिस, ती या विषयावर बोलू शकत नाही. शाळा मंडळाच्या वकिलाने सगळ्या सदस्यांना बजावलंय." मी म्हटलं, "मला विषयाशी बोलायचं नाही, माझ्या बहिणीशी बोलायचंय." तर म्हणतो, "हो, पण तू विषयावरच येशील." डेंटिस्टच तो, दुखरी जागा बरोबर सापडते त्याला.

म्हणून हे पत्र. अकरा मैलांवर राहणाऱ्या बहिणीला तिकीट लावून पत्र पाठवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

पेपरात वाचलं की तीन प्राथमिक शाळांपैकी एक बंद करायची का, याचा मंडळ अभ्यास करणार आहे. आणि त्यात म्हणे 'जनतेचा सहभाग' असणार. जिच्यावरून आपल्या गावाला नाव पडलं ती चार नंबरची खाण बंद केली तेव्हा आमचा सहभाग कोणी मागितला नव्हता. फाटकाला कुलूप घातलं आणि गेले. दुकान गेलं, मग चर्च खालच्या गावातल्या चर्चमध्ये मिसळलं. आता चार नंबरला संध्याकाळी ज्या इमारतीत दिवा दिसतो अशी एक शाळाच उरली आहे. पोरं कमी झाली आहेत, हे मला दिसत नाही असं समजू नकोस. मी काही आंधळी नाही. पण जी आहेत ती चालत जातात, आणि मधल्या सुट्टीत मागच्या उतारावर स्की करतात, जशी तू आणि मी करायचो. माझी नात मार्नी सात वर्षांची आहे. तिची आई ग्रीन बेला कामाला, पोर माझ्याजवळ. जानेवारीत बर्फ पडला की डोंगररस्ता कसा होतो ते तुला सांगायला नको. त्या रस्त्याने तिला रोज अंधारात बसने खाली पाठवू?

तू निवडणुकीला उभी राहिलीस तेव्हा मी तुझ्याबरोबर दारोदार फिरले. जमीन अजून गोठलेली होती, तुझ्या नावाच्या पाट्या ठोकताना तुझ्या मेहुण्याने, डेलने, हातोड्याचा दांडा मोडला. वाइनो रांताच्या स्वयंपाकघरात बसून तू म्हणालीस, "मी मंडळावर आहे तोवर चार नंबरच्या शाळेला कोणी हात लावणार नाही." म्हाताऱ्याने तुला दुसऱ्यांदा कॉफी ओतली. निवडणूक होऊन गेली तरी त्याने ती पाटी काढली नाही. उन्हाळाभर तिच्याभोवतीचं गवत कापत होता.

मला एवढंच सांग, तू ते बोललीस ते अजून खरं आहे का? हो किंवा नाही. त्यासाठी वकील लागत नाही.

आर्लिस


२ डिसेंबर

जोलीन,

तुझं उत्तर आलं. तू ते वाचलं आहेस की नाही कोण जाणे, म्हणून इथे उतरवून देते.

"प्रिय नागरिक, शाळांच्या भवितव्याबाबत आपला अभिप्राय कळवल्याबद्दल मंडळ आपले आभारी आहे. आपले पत्र सर्व सदस्यांना देण्यात आले आहे. आपला आवाज आमच्यासाठी मोलाचा आहे."

खाली तुझी सही. छापलेली.

प्रिय नागरिक! साउनाच्या वाफेत एका बाकावर घाम गाळत वाढलो आपण. तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, नागरिक. तुझं पहिलं लग्न मोडलं तेव्हा मागच्या दाराने तुला घरी आणलं ते मी, आणि आईला काय सांगायचं तेही मीच ठरवलं. डेलला पत्र दाखवलं. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाला, "निदान प्रिय तरी म्हटलंय."

शिवाय माझं पत्र मंडळाच्या बैठकीत 'आलेली पत्रे' या विषयाखाली ठेवलं गेलं, असं शेजारच्या एल्सीच्या सुनेने सांगितलं. ती तिथे कारकून आहे. म्हणजे स्कॉटबद्दल मी जे लिहिलं ते आता कोणीही मागवून वाचू शकतं. वाचू देत. दुखरी जागा सापडते हे डेंटिस्टचं कौतुकच आहे.

या पाकिटावर मी मोठ्या अक्षरांत 'खासगी' लिहिलंय. हेही तिथे नेऊन ठेवायचं असेल तर ठेव. नोंदीत लिहून घे: आर्लिस केटोलाला स्वतःच्या बहिणीची किळस आली, पहिल्यांदाच.

नाताळला मी तुझ्यासाठी ताट मांडणार आहे. येशील असं समजून नाही, आई मांडायची म्हणून.

आर्लिस


२२ जानेवारी २०१२

जोलीन,

नाताळला आली नाहीस, ते ठीक. पण काल लेकव्ह्यू शाळेच्या जिममध्ये तू होतीस. लाल जाकीट घालून कॉफीच्या टेबलाजवळ उभी होतीस आणि चार नंबरची माणसं ओळीने आत येत होती तेव्हा तू साखरेच्या पुड्या मोजत होतीस. म्हणून तुझ्यासमोर काय झालं ते तुलाच लिहून कळवते. न बघण्याची तुझी सवय वाढत चालली आहे.

बर्फ गुडघ्याच्या वर होता तरी आमच्याकडून सगळे आले. बायकांनी मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या आणल्या, वेलदोड्याचा नीसू पाव आणला. कोणी सांगितलं नव्हतं. सभा म्हटली की खायला लागतं, एवढंच आम्हाला कळतं.

मग तुमची सल्लागार बाई उभी राहिली. पुलाच्या पलीकडून, दक्षिणेकडून आलेली. पुलाच्या खालच्या अंगाला राहतात म्हणून लहानपणी आपण त्या सगळ्यांना, गोष्टीतल्यासारखे, पुलाखालचे राक्षस म्हणायचो. ही राक्षसीण अगदी बारीक आणि गोड होती, आणि आमचा नीसू खाऊन तिने डोळे मिटले. म्हणाली, "मंडळी, आज मतदान नाही. आज नुसता संवाद आहे. इथे चुकीचं उत्तर नसतं." भिंतीवर तीन मोठे कागद होते. एकावर लेकव्ह्यू, एकावर बर्च क्रीक, एकावर आपली चार नंबरची शाळा. प्रत्येकाला तीन निळे ठिपके दिले, मागून चिकटणारे. "जिथे तुमचं मन आहे तिथे लावा."

लेकव्ह्यूची माणसं रांगेतून गेली. तिन्ही ठिपके आपल्या शाळेला. थप थप थप. जागा पुरेना तेव्हा एकावर एक लावले. एकजण तर आपल्या बायकोचेही लावून आला.

आपली माणसं काय करतील हे तुला ठाऊक होतं. एक ठिपका आपल्याला, एक त्यांना, एक त्यांना. एल्सीला मी विचारलं, "अगं, तिन्ही आपल्याला का नाही लावलेस?" ती म्हणाली, "तीन शाळा, तीन ठिपके. आणखी काय?" डेलला कोपराने ढोसलं, तर तो असा दचकला जणू मी त्याला भर जिममध्ये पँट काढायला सांगितली. "तिन्ही स्वतःलाच? सगळ्यांदेखत?" मी दोन आपल्या शाळेला लावले. तिसरा हातात राहिला, कान तापले, मागे एल्सी बघत होती. लावून टाकला बर्च क्रीकला. माझ्यासारख्या तोंडाळ बाईची ही तऱ्हा, तर बाकीच्यांचं काय बोलू.

आणि वाइनो. तो नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोचला होता, रस्त्याच्या भीतीने, म्हणून आमच्यातला रांगेत पहिला तोच. त्याने आपले तिन्ही ठिपके बर्च क्रीकला लावले.

"वाइनो, असं का केलंस रे बाबा?"

"रिकामा होता तो कागद," तो म्हणाला. "त्यांची माणसं अजून आली नव्हती. बरं दिसेना."

आईच्या टेबलावर नीसूचा शेवटचा तुकडा वाळून कडक व्हायचा आठवतं ना? कोणी घ्यायचं नाही. तू एकदा घेतलास तर बाबांनी काही म्हटलं नाही, नुसतं ताटाकडे बघितलं, आणि तू रडत खोलीत गेलीस. त्या टेबलावरची माणसं ही. त्यांच्या हातात तीन ठिपके दिले.

शेवटी बाईने विचारलं, "तीनपैकी एक शाळा बंद करून उरलेल्या दोन बळकट करायला कोणाची हरकत आहे का? असेल तर हात वर करा." लेकव्ह्यूवाल्यांना हरकत असायचं कारणच नव्हतं. आणि आमची अख्खी बाजू गप्प बसली. सगळे जमिनीकडे बघत होते. वाइनो खिडकीकडे बघत होता. बाई थोडा वेळ थांबली, हसली आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

आपलं मागचं कुरण विकत घ्यायला गावातून तो गाड्या विकणारा माणूस आला होता, आठवतं? बाबांसमोर बसून किती वेळ किंमत सांगत होता. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. एक शब्द नाही. त्याची कॉफी गार झाली, मग त्याने टोपी घातली आणि गेला. तो काही आपल्या फिनिश लोकांतला नव्हता, तरी त्याला कळलं. आपल्याकडे माणूस गप्प बसला की त्याचा अर्थ 'नाही'. खणखणीत 'नाही'. हो म्हणायचं असतं तेव्हा आपण तोंडाने म्हणतो, आणि पाव कापतो.

सल्लागार बाईला हे कळलं नाही, तिला मी दोष देत नाही. पण तू तिच्यापासून चार पावलांवर उभी होतीस. तिच्या कानाशी जाऊन एवढं सांगता आलं नसतं?

सभा संपल्यावर आमच्या बायकांनी लेकव्ह्यूच्या कॉफीच्या किटल्या घासल्या. तू तोवर निघून गेली होतीस.

आर्लिस


१९ फेब्रुवारी

जोलीन,

अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. मुखपृष्ठावर एक म्हातारा हात निळा ठिपका चिकटवतो आहे. तर्जनीचं पेर नाही, म्हणजे कोणाचा हात ते मी तुला सांगायला नको. खाणीत ते पेर गेलं तेव्हा तू पाळण्यात होतीस.

आत एक रंगीत तक्ता. वर लिहिलंय, 'जनतेने व्यक्त केलेला प्राधान्यक्रम'. लेकव्ह्यू पहिली, बर्च क्रीक दुसरी, चार नंबर शेवटची. ज्यांचं जवळजवळ कोणी आलंच नाही ती बर्च क्रीक आमच्या पुढे, कारण आमच्या ठिपक्यांनी तिला वर काढलं. आणि खाली एक ओळ: 'एक शाळा बंद करण्याच्या तत्त्वाला उपस्थितांपैकी कोणीही हरकत घेतली नाही.'

मतदान नव्हतं ना? नुसता संवाद होता ना?

मला शिसारी आली, जोलीन. हा शब्द मी विचार करून लिहितेय. खाणवाल्यांनी कुलूप घातलं तेव्हा मी संतापले होते. संताप बरा असतो, माणूस दार आपटतो, शिव्या देतो, मोकळा होतो. हे तसं नाही. आम्हाला बोलावलं, आमचाच पाव खाल्ला, आमच्या हातात गोंद दिला आणि आमच्याच हाताने आमची शाळा पुसून घेतली. आता दार कोणावर आपटू? वाइनोवर?

तो अहवाल घेऊन काल माझ्याकडे आला होता. बूट दारात काढले, टेबलाशी बसला, मुखपृष्ठ माझ्याकडे वळवलं.

"हा माझा हात आहे," म्हणाला.

"कळलं मला."

बराच वेळ तो कॉफी ढवळत राहिला. साखर घालत नाही तो, तरी ढवळत होता. मग म्हणाला, "आर्लिस, ते ठिपके परत मिळतील का? सांगितलं मी त्यांना नीट, की मला माहीत नव्हतं मोजणार आहेत म्हणून, तर देतील?"

 मार्नी तिथेच चित्र रंगवत बसली होती. तिने आपल्या डब्यातून चांदण्यांचे स्टिकर काढून त्याच्यापुढे धरले. "माझे घे. खूप आहेत." त्याने एक घेतला आणि खिशाला लावला.

डेल म्हणतो तुझ्यावर सगळं ढकलू नकोस, ती सात जणांतली एक आहे. बरोबर आहे. बाकीच्या सहांपैकी तिघे नको म्हणणार हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि तिघे हो म्हणणार. म्हणजे सातवी कोण ते मोज.

मंगळवारी जाहीर सुनावणी आहे, लगेच मतदान. मी तुझ्यापुढे हात जोडत नाही. आपल्यात तशी पद्धत नाही. फक्त वाइनो बोलणार आहे, तेव्हा साखरेच्या पुड्या मोजू नकोस.

आर्लिस


१४ मार्च

जोलीन,

सुनावणी एकदा बर्फामुळे पुढे गेली, मग आणखी एकदा. देव आम्हाला मुदत देत होता असं एल्सी म्हणायची. काल ती मुदत संपली.

शाळांचे सुपरिंटेंडेंट व्हेलन आधी बोलले, त्यांनी पाच मिनिटांत सात वेळा 'आपण सगळे मिळून' म्हटलं. मग सल्लागार बाई. तिने तक्ते दाखवले आणि शेवटी आभार मानायला लागली. काय बोलली ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "विशेष आभार सदस्या जोलीन ब्रँट यांचे. आमच्या नेहमीच्या पद्धतीत आम्ही प्रत्येकाला एकच ठिपका देतो. जोलीन यांनी सुचवलं की इथे तीन द्या. त्या म्हणाल्या, आमची माणसं मोठ्या मनाची आहेत, त्यांना मन मोठं करायला जागा द्या." आणि टाळ्या वाजवल्या तिने स्वतःच.

तुझ्या मानेवर लाल पट्टे उठले. मला लांबून दिसले. लहानपणी खोटं बोललीस की उठायचे तसे.

एक ठिपका! एकच असता तर वाइनोने कुठे लावला असता? एल्सीने? डेलने? एकाचे वाटे करता येत नाहीत. एकच असता तर माणूस लाजत लाजत का होईना घरीच लावतो. हे सल्लागार बाईला माहीत नव्हतं. ते माहीत असलेलं त्या टेबलामागे एकच माणूस होतं.

मग जनतेचे अभिप्राय. प्रत्येकाला तीन मिनिटं, हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. आणि सदस्यांनी उत्तर द्यायचं नाही असा नियम, तोही व्हेलननी वाचून दाखवला. वाइनो माइकपाशी गेला. चर्चचा कोट घातला होता, खिशाला ती चांदणी तशीच होती. हिरवा दिवा लागला आणि तो गप्प उभा राहिला. कोणी खोकलं. पिवळा लागला. मग तो बोलला.

"मला माझे तीन ठिपके परत हवेत. मी ते दुसऱ्याच्या कागदावर लावले, कारण तो रिकामा होता. मोजणार होते हे कोणी सांगितलं नाही. मला ते आमच्या शाळेला लावायचे आहेत."

व्हेलन म्हणाले, "धन्यवाद, मिस्टर रांता. आपला अभिप्राय नोंदवला आहे."

वाइनो तिथेच उभा राहिला. लाल दिवा लागला तरी उभा. त्याला उत्तर हवं होतं. सातही जण कागदांकडे बघत होते, तू सुद्धा. आम्ही गप्प बसतो तेव्हा निदान खिडकीबाहेर बघतो, समोरच्याला जायला वाट ठेवतो. तुमचं गप्प बसणं मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी डेल उठला आणि त्याच्या कोपराला धरून त्याला खुर्चीवर घेऊन आला.

नावं पुकारली. तीन नाही, तीन हो. "ब्रँट?"

तू हो म्हणालीस. नीट, खणखणीत, तोंडाने.

बाहेर गाड्यांपाशी तू माझ्यामागे धावत आलीस हे मान्य करते. तेवढी तरी लाज शिल्लक होती. काय बोललो ते लिहून ठेवते, कारण पुढे तू ते वेगळं सांगशील.

तू म्हणालीस, "आर्लिस, ऐक. मला वाटलं, तीन असले की कोणाला निवडावं लागणार नाही. त्यांना निवडताना मला बघवलं नसतं."

"त्यांनी निवडलं असतं, जोलीन. आपली शाळा निवडली असती."

"शाळा तशीही गेलीच असती! पोरं किती उरलीत बघ. छप्पर बघ. तूही जाणतेस."

"मग पोरं नाहीत म्हणून बंद करायची होतीत. छप्पर गळतं म्हणून बंद करायची होतीत. समोर येऊन सांगायचं होतंस, आम्ही बंद करतोय. वाइनोचा हात कशाला लागला तुम्हाला?"

तू किल्ल्या हातात फिरवत होतीस. मग म्हणालीस, "लोकांना विचारलं नाही असं उद्या कोणी म्हणायला नको म्हणून."

यावर मी थुंकले. बर्फात, तुझ्या पायापासून लांब. बाईमाणसाने करू नये, पण केलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तोंडात जे आलं होतं ते गिळता येण्यासारखं नव्हतं.

डेलने ट्रक चालू ठेवला होता. घाट चढेपर्यंत त्याचं लक्ष रस्त्यावर होतं. मग म्हणाला, "आपली कॉफीची किटली आत राहिली." आम्ही परत गेलो नाही.

आर्लिस


३ जून

जोलीन,

तुझं कार्ड मिळालं. या खेपेला हाताने लिहिलेलं आहे हे बघितलं मी. तुझं अक्षर अजून तसंच, ओळ संपत आली की खाली घसरतं.

तू लिहितेस की शुक्रवारी शाळेचा शेवटचा दिवस, त्यानंतर जिममध्ये कॉफी आहे असं ऐकलं, तुला यायचं आहे. सदस्य म्हणून नाही, चार नंबरची म्हणून. आणि म्हणतेस, "आर्लिस, तू सगळ्यांना विचारशील का? कोणाची हरकत असेल तर मी येणार नाही."

आधी एक गोष्ट सांगते, मग उत्तर. एप्रिलमध्ये मी तुला मंडळावरून काढून टाकण्यासाठी सह्या गोळा करायला निघाले होते. तुला कळलं असेलच. पुन्हा तीच दारं, ज्यांवर तुझ्यासाठी टकटक केली होती. सगळ्यांनी आत बोलावलं, सगळ्यांनी कॉफी दिली. सही कोणी केली नाही. एल्सी म्हणाली, "आपलीच पोर आहे गं." वाइनोने कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाला, "तिला सगळ्या गावापुढे असं उघडं पाडायचं, बरं दिसत नाही." त्या कागदावर एकच नाव होतं, माझं. डेलनेही केली नाही. मी तो चुलीत घातला. ज्या मोठ्या मनाने शाळा घालवली त्याच मोठ्या मनाने तुला वाचवलं, आणि मला दोन्हींचा सारखाच वीट आला. हे माझे लोक आहेत आणि त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही.

वाइनोने तुझी पाटी मात्र काढली. मोडली नाही. पुसून शेडमध्ये उभी करून ठेवली आहे.

मार्नीला सप्टेंबरपासून बस सव्वासहाला घ्यायला येणार. तिने विचारलं, बर्च क्रीकला मागे उतार आहे का स्की करायला. मी म्हटलं, सपाट आहे. म्हणाली, "मग स्की घरी ठेवू." एकत्र होणाऱ्या शाळेचं नवं नाव आणि रंग ठरवायला तुम्ही पुन्हा जनतेला बोलावलंय म्हणे, हिरवा की जांभळा. आम्ही कोणी येणार नाही. तुमच्या अहवालात लिहा, उत्साह कमी होता.

आता तुझं उत्तर. आज सकाळी चर्चनंतर सगळे माझ्याकडे होते, शुक्रवारचं ठरवायला. कोण पास्ट्या आणणार, टेबलं कोण लावणार. ते ठरल्यावर मी तुझं कार्ड वाचून दाखवलं. पूर्ण वाचलं, तुझी बाजू न कापता. मग विचारलं, "जोलीनला येऊ द्यायचं का? कोणाची हरकत आहे का?"

खरं सांगते, मला हवं होतं की कोणीतरी म्हणावं, येऊ दे. मी स्वतः म्हणणार नव्हते, पण दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी अडवलं नसतं. मी पावावर सुरी टेकवून उभी होते. वाइनो तरी म्हणेल असं वाटलं होतं, कॉफी दुसऱ्यांदा ओतणारा माणूस तो.

एल्सीने टेबलावरचं कापड सारखं केलं. डेल बूट बघत होता. वाइनो खिडकीबाहेर बघत राहिला, माझ्या हातातली सुरी जड होईपर्यंत. मग मी सुरी खाली ठेवली आणि सगळे उठून आपापल्या घरी गेले.

कोणी हरकत घेतली नाही, जोलीन. कोणी एक शब्दही बोललं नाही. आणि हे मी सल्लागार बाईला लिहीत नाहीये, तुला लिहितेय.

आर्लिस